ओगलेबाईंचं दुसरं पुस्तक

“‘तेजोरेखा’ आणलास का?” दार पुरतं उघडायच्या आतच ओगलेबाईंनी विचारलं.

“नाही ना बाई. अजून बाहेरच आहे,” मालू म्हणाली आणि पुस्तकांची पिशवी उगाचच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“हा तिसरा शनिवार. एवढं काय आहे त्या अंकात, की लोक परतच देत नाहीत?”

“दिवाळी अंकांचं असंच असतं बाई. हा दुसरा घ्या ना, अगदी कोरा आहे.”

“मला तोच हवाय. आमच्या स्टाफरूममध्ये दोघींनी वाचला. त्यात कुणा मालती परशुरामची कथा आहे म्हणे. दोघीही रडल्या.”

कथा वाचून डोंबिवलीतल्या दोन मास्तरणी रडल्या, ही खरं म्हणजे पेढे वाटावेत अशी बातमी होती. पण पेढे कुणाला वाटणार? मालती परशुराम म्हणजे मालू केणेच, हे मालूखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि जो अंक बाहेर आहे असं ती तीन आठवडे सांगत होती, तो या क्षणी तिच्याच पिशवीत, अगदी तळाशी होता.

मालू डोंबिवलीच्याच खाडीकाठच्या कोपरगावची. बाप परशुराम मिठागरावर राबला, आणि लेक मॅट्रिक झाली म्हणून त्याने गावभर मिरवलं. लग्नानंतर बाळकाकांच्या वाचनालयात घरोघर पुस्तकं पोचवायचं काम तिला मिळालं, त्याला नऊ वर्षं झाली होती. उरलंसुरलं वाचता वाचता ती कधी लिहायला लागली, ते तिचं तिलाच कळलं नाही. वही तांदळाच्या डब्यामागे असायची. सासू म्हणायची, “काय गो, तांदूळ निवडतंस का मोजतंस?” आणि मालू हसून वेळ मारून न्यायची.

यंदा, सत्त्याऐंशीच्या दिवाळीत, तिची पहिली कथा छापून आली. संपादकांचं दोन ओळींचं कार्ड आलं, अंक आला, आणि मग सगळं शांत. लोकांना आवडली की नाही, हे कळायचं कसं? दुसरं कुणी असतं तर वाचकांच्या पत्रांची वाट बघत बसलं असतं. मालूकडे पत्रांपेक्षा पक्का उपाय होता. वाचक पुस्तक परत देताना त्यात काय काय सोडतात, ते नऊ वर्षं तिच्याच हाताखालून जात होतं.

डोंबिवलीच्या वाचकाला पेन्सिलीशिवाय वाचता येत नाही, असं बाळकाकांचं ठाम मत होतं. कथेच्या डोक्यावर कुणी ‘छान’ लिही, कुणी ‘रटाळ’, कुणी ‘शेवट आधीच कळतो’ असं लिहून पुढच्याचा विरस करी. म्हणून बाळकाकांनी तिच्या पिशवीत एक खोडरबर कायमचा टाकून ठेवला होता. एका घरचं पुस्तक दुसऱ्या घरी जाण्याआधी स्वच्छ झालं पाहिजे, हा वाचनालयाचा नियम होता.

आता मालू स्वतःच्याच कथेची पानं उलटून बघू लागली. पाठकांच्या घरी अंक दोनऐवजी चार दिवस राहिला. दुसऱ्या एका घरून तो परत आला तेव्हा कथेच्या तिसऱ्या पानावर हळदीचं बोट उमटलेलं होतं. म्हणजे बाई फोडणी टाकतानासुद्धा वाचत होती! त्या एका बोटावर मालू दोन दिवस तरंगत होती. एकाने लिहिलं होतं, ‘रडूबाई’. ते तिने खसाखसा खोडलं. पुढच्याने लिहिलं, ‘फार छान. कोण ही लेखिका?’ ते खोडायचं तिच्या अगदी जिवावर आलं. जिन्यात बसून तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं, मग डोळे मिटून रबर फिरवला.

मग ओगलेबाईंनीच तिचं काय घोडं मारलं होतं? उलट चूक मालूची होती, आणि ती तिला पुरती ठाऊक होती.

बाईंचे यजमान आठ वर्षांपूर्वी नेहमीसारखे ऑफिसला म्हणून निघाले, ते परतले नाहीत. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, लोकांची कुजबुजही होऊन संपली. वाचनालयाचं खातं मात्र त्यांच्याच नावावर राहिलं. दर शनिवारी बाई दोन पुस्तकं घेत. एक स्वतःला, आणि एक रहस्यकथा. रहस्यकथा ओगल्यांना लागायच्या. बाई खून-मारामाऱ्या वाचणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुसरं पुस्तक पुढच्या शनिवारी जसंच्या तसं परत येई, त्याची पाठसुद्धा मोडलेली नसे. बाई कधी बोलल्या नाहीत, मालूने कधी विचारलं नाही.

हेच तिने लिहिलं होतं. मास्तरणीची तिने नर्स केली, डोंबिवलीचं कल्याण केलं, नावं बदलली. पण पुस्तकं दोनच ठेवली. कथा त्यावरच तर उभी होती. ती दोन पुस्तकं जगात दोघींनाच ठाऊक होती, घेणारीला आणि देणारीला. टोपणनाव कितीही घ्या, पहिल्याच पानावर बाईंना कळणार होतं की हे कुणी लिहिलं.

सोमवारी बाळकाकांनी तिला काउंटरपाशी बोलावलं. पुढ्यात ‘तेजोरेखा’ होता.

“मालू, हा अंक तुझ्या पिशवीत होता. ओगलेबाई शाळेतून येताना चौकशी करून गेल्या. त्यांना तू बाहेर आहे म्हणून सांगतेस?”

“काका, ते... विसरलेली मी.”

“तीन आठवडे विसरलीस? आठ वर्षांत त्या बाईंनी आपल्याकडे काही मागितलेलं नाही. शनिवारी पहिल्यांदा त्यांच्याकडे जायचं.”

शनिवारी तिने अंक दिला. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, वर एक रहस्यकथाही घेतली आणि म्हणाल्या, “मिळाला बाई एकदाचा!” त्या हसल्या, त्याचंच मालूला जास्त लागलं. तो आठवडा तिचा कसा गेला, ते तिलाच माहीत. भात करपला, पुस्तकांची अदलाबदल झाली, आणि तांदळाच्या डब्यामागच्या वहीला तिने हातही लावला नाही.

पुढच्या शनिवारी दार उघडलं ते अर्धंच. बाईंनी अंक आणि रहस्यकथा बाहेर धरली.

“वाचला,” त्या म्हणाल्या. “आज काही नको.”

दार लागलं. मालू एक मजला उतरली आणि जिन्यातच बसली. तिने अंक उघडला. कथेच्या डोक्यावर काही नव्हतं. ना छान, ना वाईट. शेवटच्या पानावर, ‘ते पुस्तक न उघडताच परत जाई’ या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात शाळेच्या फळ्यावरचं असावं तसं वळणदार अक्षर होतं.

‘हे चूक आहे. शेवटचं पान मी वाचून ठेवते. त्यांना धीर नसायचा. निम्मं वाचून झालं की मला विचारायचे, तू बघ आणि सांग, खुनी कोण? आल्यावर विचारतील. सांगता यायला हवं.’

नऊ वर्षं ती ज्या दारात उभी राहिली, त्या दाराआड काय चाललंय ते तिला ठाऊक आहे असं समजून तिने लिहून टाकलं होतं, आणि लोक रडलेही होते. चुकीच्या गोष्टीवर रडले होते.

हा अंक आता पुढच्या घरी जायचा होता. समासातलं कुणी वाचलं असतं, तर स्टाफरूमपर्यंत पोचायला एक दिवस लागला नसता. मालूने खोडरबर काढला. तिच्या कथेवर इतकं मन लावून कुणीच लिहिलं नव्हतं. ते तिने अक्षर-अक्षर करून खोडलं, खाली कागदाला लव येईपर्यंत खोडलं.

त्यानंतरच्या शनिवारी तिने बेल वाजवली आणि दार उघडताच स्वतःच म्हणाली, “बाई, चुकलं माझं.”

ओगलेबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मंगळसूत्र साडीच्या पदरात सारलं.

“मी लिहिलेलं ठेवलंस की खोडलंस?”

“खोडलं.”

“बरं केलंस.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “कथा चांगली आहे. मी दोनदा वाचली. पुढेही लिही. पण एकदा मला विचारायचं होतंस गं, मालू. मी सांगितलं असतं.”

मालूने पिशवीतून दोन पुस्तकं काढून पुढे केली. वर कादंबरी, खाली नवी रहस्यकथा, नेहमीसारखी.

बाईंनी वरचं घेतलं. खालच्यासाठी हात पुढे आला आणि तिथेच थांबला.

“एकच राहू दे,” त्या म्हणाल्या. “आता ते हातात घेतलं की तुझी ती नर्स डोळ्यांपुढे येते. मीच तिची नक्कल करतेय असं वाटतं.”

“बाई, घ्या ना. मी कुणाला सांगणार नाही.”

“तुझ्यावर राग नाही माझा. जा, पुढची घरं खोळंबली असतील.”

दार हलकेच लागलं. मालू जिना उतरू लागली. मधल्या वळणावर खिडकीतून उजेड येत होता, तिथे ती थांबली. रहस्यकथा अजून हातातच होती. तिने पिशवी खाली ठेवली, पुस्तक मागून उघडलं आणि शेवटचं पान उभ्या उभ्याच वाचलं.

खुनी घरचा डॉक्टर निघाला होता. विसरायला नको म्हणून मालूने ते दोनदा मनाशी म्हटलं, आणि पुस्तक पिशवीत ठेवलं.