दीपमालाच्या लग्नातली पहिली पंगत

दोन हजार सतराच्या जानेवारीत आमच्या दीपमालाचं लग्न झालं. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. आधी एकदा जमलेलं लग्न मोडलं होतं, त्यामुळे साताऱ्याचं स्थळ पक्कं झाल्यापासून मला सारखी धास्ती असायची. फोन वाजला की वाटायचं, नकार आला.

त्यात आमच्या ह्यांनी नवीनच काढलं. ह्यांचं नाव शांतवन, इस्लामपुरात एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. एका संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत बायबलमधलं वाचन आलं. मेजवानी करशील तेव्हा भाऊबंदांना आणि पैसेवाल्या शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ते तुला उलट बोलावून फेड करतील. ज्यांना फेड करता येत नाही त्यांना बोलाव, म्हणजे देव तुला आशीर्वाद देईल, असं प्रभूचं सांगणं. मी हे लहानपणापासून ऐकत आले होते. माझ्या वडिलांनीही ऐकलं होतं, आणि माझ्या लग्नात भाऊबंदांनाच जेवू घातलं होतं.

ह्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "पहिली पंगत टोळीची."

टोळी म्हणजे आमच्या घरामागच्या माळावर उतरलेली जतकडची ऊसतोड माणसं. दर हंगामाला यायची, आमच्या नळावर पाणी भरायची.

"टोळीला जेवायला घाला की," मी म्हटलं. "पण पहिली पंगत वऱ्हाडाची असते."

"मग टोळीला उरलंसुरलंच मिळणार. अगं, देवाला आशीर्वाद द्यायचाच आहे. आपणच त्याचं ऐकत नाही."

"आणि वऱ्हाड उठून गेलं तर?"

ह्यांनी चपला घातल्या. माळावर जाऊन टोळीचा मुकादम कोंडीबा, त्याला आमंत्रण देऊन आले. साताऱ्यालाही फोन करून सगळं सांगितलं. नवरा मुलगा रविराज, त्याच्या आईनं, राजेश्वरीबाईंनी, नुसतं "बरं" म्हटलं. त्या "बरं"चा अर्थ लावत मी लग्नापर्यंत धड झोपले नाही.

चर्चमध्ये लग्न वेळेवर लागलं. पाळकसाहेब आशीर्वाद उच्चारत होते तेव्हा सगळ्यांच्या माना खाली होत्या. मी एकटी खिडकीतून रस्ता बघत होते. टोळीचा पत्ता नव्हता.

मंडपात पहिल्या रांगेची पानं रिकामी मांडलेली. बाजूला खुर्च्यांवर वऱ्हाड. मटणाच्या रश्श्याचा वास सुटलेला, लहान पोरं किरकिरायला लागलेली. रविराजचे मामा बाळासो फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांनी ह्यांना विचारलं, "काय वो पाव्हणं, तुमचं चीफ गेस्ट कुठं अडकलं? हेलिकॉप्टर धाडू का?"

सगळे हसले.

"येतील," हे म्हणाले. "मी शब्द दिलाय."

"या म्हणावं निवांत. आमी उपाशी मेलो तर मातीला तरी गावतील."

पुन्हा हसले, पण थोडेच. मग कुणीच हसेना, तेव्हा मला खरी भीती वाटली. दीपमाला स्टेजवरून माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात कोंडीबाची म्हातारी आई, भामाबाई, काठी टेकत आली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती.

"बाई, रागावू नगा. पहाटं बोरगावच्या रस्त्याला ऊस पेटला. जळका ऊस ठिवता येत न्हाई, वजन घटतंय. समदी टोळी तिकडं लावलीया. कोंडीबा म्हनला, आये, तू जाऊन तेवडं सांग."

"तुम्ही तरी बसा जेवायला."

"मी येकलीच? आन पोरं तिकडं उपाशी? न्हाई बाई."

मला सुटल्यासारखं झालं. आम्ही बोलावलं होतं, ते आले नाहीत, आमचा काय दोष? वाढप्यांना हाक मारायला वळले तर समोर हे. हात लोंबते सोडून उभे होते. त्यांना पुढं काय करायचं ते कळत नव्हतं. आणि आपण सुटलो नाही, हे मला तिथंच कळलं.

"त्यांना येता येत नाही, तर आपण जाऊ," मी म्हटलं. "पंगत मंडपातच बसली पाहिजे असं कुठं सांगितलंय? टेम्पो दारातच आहे."

रविराजनं ते ऐकलं. गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि एक पातेलं उचललं.

"रव्या, ठेव खाली," बाळासोंचा आवाज चढला. "आईचं तोंड बघ जरा."

सगळ्यांनी राजेश्वरीबाईंकडे बघितलं.

"जाऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "पर लवकर ये रं. मला लय भूक लागलीया."

बाळासो उठले. "ह्या मंडपातलं मला पाणीबी नको," म्हणाले. त्यांच्यामागं अर्धं वऱ्हाड बसकडे गेलं.

आम्ही टेम्पोनं पोचलो तेव्हा उसाच्या फडात काळी राख उडत होती. माणसांचे डोळे तेवढे पांढरे दिसत होते. ती बांधावर बसून भराभर जेवली. कोंडीबा तर उभ्यानंच जेवला, ऊस भरायची घाई होती. तिथं ना प्रार्थना झाली ना भाषण. गुलाबजामच्या पाकात राख पडली. वाढताना माझ्या मनात एकच होतं, बस गेली असेल का?

बस गेली नव्हती. बाळासो आणि त्यांची माणसं आत बसून राहिली, कुणी जेवलं नाही. राजेश्वरीबाई उरलेल्यांबरोबर पंगतीला बसल्या आणि दोनदा रस्सा मागून घेतला. निघताना दीपमाला माझ्या कानात म्हणाली, "आई, मामांचं काय गं?" मी म्हटलं, "माहीत नाही, बाळा."

बाळासोंनी दोन वर्षं तिच्या हातचा चहा घेतला नाही. ते तिला फार जड गेलं. आता बोलतात, पण आमच्या इस्लामपूरच्या घरी कधीच आले नाहीत. भामाबाई पुढच्याच वर्षी गावाकडं वारली. ऊस तोडायचं यंत्र आल्यावर कोंडीबानं टोळी सोडली, आता जतला शेरडं राखतो. हे कोरोनात गेले. दीपमाला आणि रविराजला मूल झालं नाही. त्यावरून राजेश्वरीबाईंनी तिला एका शब्दानं दुखवलं नाही. साखरेनं त्यांची नजर गेली आहे. मीही आता साताऱ्यालाच असते, त्यांच्याच खोलीत. मला ऐकू कमी येतं, म्हणून प्रार्थना त्या जरा मोठ्यानं म्हणतात.