नशिराबादच्या पुढे

द्रौपदाने पदर कमरेला खोचला, मधली सीट वाकवून ती गाडीच्या पार मागच्या रांगेत जाऊन बसली आणि गुडघे मुद्दाम दोन बोटं पुढे सरकवून म्हणाली,

"इथी तं गुडघे टेकतात."

नवल दाराशी वाकून उभा होता. त्याने बायकोच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग सीटकडे, मग गाड्यांचा मालक ललित याच्याकडे. जुन्या गाड्यांचं ते आवार जळगावच्या महामार्गाला लागून होतं आणि एप्रिलचं ऊन असं होतं की बोनेटवर पापड भाजून निघाला असता.

"काकू, टेकत नाहीयेत," ललित नम्रपणे म्हणाला. "चार बोटं जागा आहे."

"प्रवासात माणूस फुगतं," द्रौपदा म्हणाली आणि उतरली.

सकाळपासूनची ही चौथी गाडी. पहिलीत तिला कुत्र्याचा वास आला होता, दुसरीची पायरी उंच होती, तिसरीचा रंग धूळ दाखवणारा होता. नावडतीचं मीठ अळणी, त्यातला प्रकार. नीट पाहणाऱ्याला एक गोष्ट कळली असती, की नापास झालेल्या चारही गाड्या सात सीटच्या होत्या आणि कोपऱ्यातल्या पाच सीटच्या लाल गाडीत ती न बसताच तिला ती पसंत पडली होती. पण नवल नीट पाहणाऱ्यांतला नव्हता. तो टायर पाहणाऱ्यांतला होता.

चार महिन्यांपासून त्याच्या डोक्यात गाडीशिवाय दुसरं काही नव्हतं. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्याने यादीच केली होती. असोद्याहून वांग्यांच्या क्रेट बाजारात न्यायच्या, दवाखाना, बाजारहाट. फवारणीच्या पंपाची दोन चाकांची ट्रॉली ओढायला मागे हूक पाहिजे. हिवाळ्यात भाचरांना घेऊन सातपुड्यात पाल गावी जायचं, तंबू ठोकून दोन रात्री राहायचं, म्हणून टपावर कॅरिअर पाहिजे. आणि या सगळ्याच्या वर, दोन रेघा मारून, एकच शब्द होता. आखाजी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, पण आपल्या पायांनी येत नाहीत. भावाने घ्यायला जावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात, आणि नवलसारखा मुराळी सगळ्या असोद्यात नव्हता. पस्तीस वर्षं त्याने तिन्ही बहिणी एकेक करून मोटरसायकलवर आणल्या, थोरली यशोदाअक्का धुळ्याहून, ज्योती पारोळ्याहून, दिपमाला भुसावळहून. गेल्या वर्षी खडीवरून मोटरसायकल घसरली, अक्काचं कोपर सोललं, आणि बहिणींनी एकमुखाने बजावलं की आता घ्यायला यायचं नाही. नवल आठवडाभर जेवला नाही नीट. मग म्हणाला, ठीक आहे, चार चाकं आणतो. सकाळी धुळं, मग पारोळा, तिथून तडक भुसावळ, आणि संध्याकाळी सगळ्या एकदम दारात. त्यासाठी सात सीट.

द्रौपदाचा हिशोब वेगळा होता. लहान गाडी आली, तर अक्का आणि ज्योती नातवंडांसकट घरी उतरवल्यावर नवलला भुसावळला रिकामी गाडी घेऊन निघावं लागेल. रिकाम्या गाडीत ती बसेल. भुसावळपर्यंत गेलो, तर पुढे बोदवड तासाभरावर. डोकावून येऊ, असं म्हणायचं, सहज सुचल्यासारखं. बोदवडला तिचं माहेर होतं. दिवाळीला, लग्नकार्याला ती जायची, पण आखाजीला लग्नानंतरचं पहिलं वर्ष सोडलं तर कधीच नाही. नणंदा आल्यावर भावजयीने कुठे जायचं? तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी मात्र दरवर्षी जमायच्या. कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून, पन्नाशीच्या बाया, दात काढून हसतानाचे फोटो मोबाइलवर पाठवायच्या. द्रौपदा ते पुरणाच्या हातांनी उघडायची. यंदा तिला फक्त अर्धा तास पाहिजे होता, आणि तो पाच सीटच्या गाडीतच होता.

हे ती नवलला सरळ सांगू शकली असती. नाही सांगितलं. मागून मिळालेलं माहेर तिला नको होतं.

कूलरसमोर बसलेली यशोदाअक्का हातात उसाच्या रसाचा ग्लास घेऊन बाहेर आली. धुळ्याहून एसटीने ती खास गाडी पास करायला आली होती. पंचेचाळीस वर्षं धुळ्यात काढून तिची बोली पार अहिराणी झाली होती.

"बठ्ठ्या गाड्या तुले वाकड्याच दिखतस का वं?" तिने भावजयीला विचारलं.

द्रौपदा पदराने मान पुसू लागली. अक्काने रस संपवला, तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि ग्लास ललितच्या हातात दिला.

"हाईच गाडी चालाडीसन देखूत," ती म्हणाली.

ललितने किल्ली दिली. "नशिराबादपर्यंत जाऊन या, काका. त्याच्या पुढे नका जाऊ." नवलची मोटरसायकल तारणासारखी आवारातच उभी होती, म्हणून ललित स्वतः बरोबर गेला नाही. शिवाय ही खोड काढणारी बाई दहा मिनिटं नजरेआड झाली तर त्याला हवीच होती.

नवल चालवायला बसला, अक्का त्याच्या शेजारी. द्रौपदाला त्याने मागेच पाठवलं. "मागं धक्के बसतात का पाहा बरं."

धक्के बसत नव्हते. हीच तर पंचाईत होती. गाडी महामार्गावर अशी निघाली, की पोटातलं पाणी हलेना. एसीचा गारवा शेवटच्या रांगेपर्यंत येत होता. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा मागे पळत होत्या. द्रौपदा नवी खोड शोधत बसली आणि तिला एकही सापडेना. तिचं मन खट्टू झालं.

नवल मात्र खुशीत होता. एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हाताची बोटं मोजायला.

"मी एक. तुम्ही तिघी बहिणी, चार. ज्योतीची दोन नातवंडं, सहा. एक सीट पिशव्यांले. बरोब्बर."

"आनि द्रौपदा?" अक्काने विचारलं.

नवलने आवाज उतरवला. मागे ऐकू जाणार नाही, अशी त्याची समजूत.

"ती घरीच ना, अक्का. तिचा भाऊ काही कधी येत नही तिले घ्यायले. म्हनून मी तिच्यासमोर आखाजीले माहेराचा विषयच काढत नही. उगाच बाईच्या जिवाले लागतं."

मागे द्रौपदाने दोन्ही हातांनी मधली सीट धरली.

"काय म्हनले तुम्ही?"

नवल गडबडला. "काही नही. पिशव्यांचं म्हनत होतो."

"माहा भाऊ येत नही म्हनले."

"मंग येतो का? पहिलं साल सोडलं, तं प्रेमराज एकदा तरी आला का?"

"आला नही?" द्रौपदाचा आवाज चढला. लग्नापासून या माणसासमोर तो इतका कधी चढला नव्हता. "तीन सालं आला! एसटीनं यायचा, हातात सांजोऱ्यांचा डबा घेऊन. तीनही सालं तुमच्या घरातून परत पाठवला त्याले. आणि आता म्हनता आला नही?"

"कोनं पाठवला? मी तं कधी पाह्यला नही त्याले!"

"तू कसा देखशीन," अक्का म्हणाली. ती समोरच्या काचेकडे पाहत होती. "तू त्या रोज आमले लेवाले जायेल ऱ्हास."

गाडी हळू झाली. नवलने ती रस्त्याच्या कडेला, एका निंबाच्या सावलीला घेतली आणि थांबवली.

"तो उना व्हता, नवल," प्रेमराज खरंच आला होता, हे अक्काने आता कबूल केलं. "एक सालनं मना डोयानं देखेल शे. तू माले सोडीसन दिपमालाले लेवाले गया, आनि तो उना. मी वट्टावर बठेल व्हतू. मायनी त्याले पानी दिधं आनि उंबरठावरथीनच परत धाडं. आमन्या पोरी येतीस, सून गयी ते रांधी कोन, आसं बोलनी. माले म्हने, नवलले सांगू नको."

"आणि तू नही सांगितलं?"

"नही सांगं." अक्काने पदराने चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. "चार दिन आयतं खावाले भेटे. कोनले नको?"

एक केळीचा ट्रक जवळून गेला आणि गाडी जराशी हलली.

"मांगना साले मनी सून साक्षी आखाजीले तिना माहेर चालनी गयी," अक्का पुढे म्हणाली. "माले इचारं बी नही. मी तोंड फुगाडीसन आठे माहेरले उनू, आनि देखस ते काय, द्रौपदा चुल्हापुढे. तवय मना डोया उघडनात. सांगू सांगू म्हनता साल गयं."

नवल दार उघडून खाली उतरला. गाडीभोवती फिरला, मागच्या टायरला एक लाथ मारून पाहिली, त्याचं त्यालाच कळलं नाही कशासाठी. मागे लावलेल्या हूकवर हात ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला. मग मधलं दार उघडून, सीट वाकवून, तो वाकला आणि मागे बसलेल्या बायकोकडे पाहू लागला.

"तुले काय वाटलं? की मले माहीत होतं?"

"मंग? मले वाटलं, तुमचंच म्हननं असंल. प्रेमराजलेही तसंच वाटलं. म्हनून चौथ्या साली नही आला."

"आणि मले वाटलं, कसा भाऊ आहे. बहिणीची आठवण नही ज्याले." नवलने टोपी काढून तोंड पुसलं. "अन् मी त्याच्याशी लग्नात, कार्यात, कुठंबी भेटला की तोंडापुरतं बोलायचो. तीस-बत्तीस सालं!"

द्रौपदाला रडू येईल असं वाटलं होतं, आणि आलं हसू. आधी ओठांत आलं, मग आवरेना. हा माणूस इतकी वर्षं तिची कीव करत होता, आणि ती त्याच्यावर रुसली होती, आणि दोघंही एकाच ताटात पुरणपोळी वाढून घेत होते! अक्काने मागे वळून पाहिलं आणि तीही हसायला लागली, आधी भीतभीत, मग पोट धरून. नवल दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला.

"हसू नका," तो म्हणाला, पण त्याच्याही मिशा हलायला लागल्या होत्या. "फोन लाव प्रेमराजले."

तिने पिशवीतून मोबाइल काढला. नंबर सापडेपर्यंत नवलचा विचार बदलला.

"नको. हे फोनवर सांगायचं नही. समोर जातो. सांगतो त्याले, यंदा तुझ्या बहिणीले घ्यायले ये. त्या दिवशी मी घरी राहीन. दारातच उभा राहीन."

"मंग आमले कोन लेवाले येई?" अक्काने विचारलं.

"तुम्ही या एसटीनं. आणि सैपाकबी तुम्हीच तिघी करा."

"आते समजनं," अक्का म्हणाली, "ही गाडी कोनाकरता लेवाई ऱ्हायनी ते." पण तिने लगेच हात लांब करून द्रौपदाचा हात दाबला आणि बराच वेळ सोडला नाही. द्रौपदानेही सोडवून घेतला नाही.

"आणि गाडी?" द्रौपदाने विचारलं. "ही तं त्या पोराची आहे."

"संध्याकाळपर्यंत आपलीच होणार आहे. माही मोटरसायकल उभी आहे ना त्याच्या दारात." नवल पुन्हा चालवायला बसला. "तू मधी ये बरं. मागं काय बसली एकटी."

ती मधल्या रांगेत आली. दोन सीटांच्या मधून पुढचा रस्ता सरळ दिसत होता. नशिराबाद आलं, फळांच्या गाड्या, रिक्षा, एसटीची वाट बघणारी माणसं, आणि गेलं. नवलने पाय ब्रेकवर नेलासुद्धा नाही. वाटेत कलिंगडं घ्यायची की भुसावळला मिठाई, यावर भावाबहिणीचं पुढे जोरात चाललं होतं. इतक्या वर्षांनी मेहुण्याकडे काय घेऊन जायचं, हे काही नवलच्या यादीत नव्हतं.

वाघूरचा पूल जवळ आला तेव्हा नवलच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो न पाहताच मागे दिला.

"काका, वळलात का?" ललितचा आवाज आला.

"मी काकू बोलते. नशिराबाद गेलं मागं."

"मागे? मग आता कुठे आहात?"

"साकेगाव येऊ ऱ्हायलं."

ललितने बहुधा मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं असावं. "काकू, गाडीत काही अडचण आहे का? काही असेल तर आत्ताच सांगा."

"काही अडचण नही, भाऊ. गाडी लय चांगली आहे." द्रौपदाने खिडकीची काच खाली केली. गरम वारा आत घुसला आणि तिच्या डोक्यावरचा पदर मागे पडला. तिने तो सावरला नाही. "आम्ही जरा बोदवडले चाललो."

"बोदवडला? टेस्ट ड्राइव्हला? बोदवडला काय आहे, काकू?"

"माहेर आहे माहं," द्रौपदा म्हणाली.