दोन मिनिटं उभं राहून

“आज घड्याळ बघायला दुसऱ्या कुणाला सांगू या का?” साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं.

मिनिटराव मनगटावरचा पट्टा एक भोक घट्ट करत होते. गेल्या महिन्याभरात हात बारीक झाला होता. “नको,” ते म्हणाले. “मीच बघतो.”

“नाही, म्हणजे... आज तुमच्याच घरचं आहे.”

“म्हणूनच, साहेब.”

साहेब नवे होते. ते आणखी काही बोलणार, तेवढ्यात हेडक्लार्क बाईंनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या. समोर टेबलावर मिनिटरावांच्या बायकोचा फोटो आणि पाण्याच्या ग्लासात चार फुलं. फोटो ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे ती रागावल्यासारखी दिसत होती. खरं तर रागावली की ती फार गोड बोलायची, आणि मग घरात सगळे सावध व्हायचे.

शिपायानं दुसऱ्या रांगेच्या कडेची खुर्ची हलवून पाहिली. “ही करकरते. बाहेर ठेवू?”

“राहू दे,” मिनिटराव म्हणाले.

मिनिटराव हे नाव कचेरीनं ठेवलेलं. आवक-जावकच्या टेबलावर आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा, यापलीकडे त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जावं असं काही नव्हतं. पण खूप वर्षांपूर्वी कचेरीचा एक ड्रायव्हर गेला, तेव्हा याच हॉलमध्ये शोकसभा झाली. “दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या,” असं म्हणून तेव्हाचे साहेब उभे राहिले आणि लोक धड उभे राहतात न राहतात तोच “बसा” म्हणाले. पुढच्या रांगेत ड्रायव्हरची आई होती. गुडघ्यांवर हात रोवून ती अजून उठतच होती. ती तशीच पुन्हा खाली बसली.

ते काही मिनिटरावांच्या मनातून जाईना. “अगं, ती म्हातारी अजून उठत होती,” असं त्यांनी घरी दोनतीनदा सांगितलं.

“मग पुढच्या वेळी तुम्ही बघा की घड्याळ,” बायको म्हणाली. “मला सांगून काय होणार?”

तेव्हापासून कचेरीत कुणी गेलं की दोन मिनिटं त्यांच्याकडे असत. ती पुरी होत. लोक खोकत, पाय बदलत, वर पंख्याकडे बघत. पण मिनिटराव म्हणेपर्यंत कुणी बसत नसे. मागून थट्टा व्हायची. “मिनिटराव, माझ्या वेळी जरा आवरतं घ्या हं, आमच्या मंडळींना उभं राहायची सवय नाही.”

बाकी कचेरीत मिनिटाला काही किंमत नव्हती. “एक मिनिट आत या” म्हणजे बोलणी खायची तयारी ठेवा. “दोन मिनिटांत आलो” म्हणजे माणूस आता जेवणानंतरच दिसायचा. बायको याच कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होती. जिन्याखालच्या खोलीत बसून दिवसभर “एक मिनिट हं, जोडते” म्हणायची, आणि पलीकडचा माणूस त्या आवाजाच्या भरवशावर ताटकळायचा. घरीही तेच. हे चपला घालून दारात उभे आणि आतून हाक, “आलेच, एक मिनिट!” मग गॅस, मग नळ, मग खिडकी.

“तुझं मिनिट रबराचं आहे,” ते वैतागून म्हणायचे.

“आणि तुमचं लोखंडाचं. म्हणून तर निभावलं. तुमचंही रबराचं असतं तर या घरातून कुणी बाहेर पडलं असतं का?”

शेवटी दवाखान्यात पलंगाभोवतीचा पडदा ओढताना नर्स म्हणाली होती, “काका, एक मिनिट बाहेर थांबा.” ते थांबले. घड्याळ हातावर होतं, पण त्यांनी ते पाहिलं नाही. पुन्हा आत बोलावलं तेव्हा नर्सनं तिच्या अंगावरची चादर नीट केली होती.

आजची दोन मिनिटं त्यांना पुरी हवी होती. आणखी मागावं असं काही कुणाकडे उरलं नव्हतं.

साहेब चांगलं बोलले. हेडक्लार्क बाईंना बोलताना मध्येच थांबावं लागलं. मिनिटरावांची मुलगी दाराशी भिंतीला टेकून ऐकत होती. पुढे बसायला तिनं नको म्हटलं होतं. मग सगळे उठले, खुर्च्यांचे आवाज झाले, थांबले. मिनिटरावांनी मनगट वर घेतलं.

सेकंदकाटा निघाला. पंखा फिरत होता. तेवढ्यात जिन्याखालच्या खोलीतला फोन वाजायला लागला.

तिच्या जागी अजून कुणी नेमलं नव्हतं. फोन वाजत राहिला. शिपाई जायला निघाला आणि दोन पावलांवर थबकला. कुणी कुणाकडे बघेना. पलीकडचा माणूस चिवट होता; पुष्कळ वेळ वाजवून त्यानं नाद सोडला. नंतरची शांतता आधीपेक्षा मोठी वाटली.

काटा पहिला फेरा करून दुसऱ्याला लागला. तो वर वर येऊ लागला तसं मिनिटरावांच्या लक्षात आलं, की हे पुरं करायचं म्हणजे संपवायचंही आपणच. हट्टानं मागून घेतलं तेव्हा हे सुचलंच नव्हतं. क्षणभर त्यांना वाटलं, गप्प राहावं. कोण विचारणार होतं?

पण त्यांनी आजवर कुणाला कमी दिलं नव्हतं, तसं जास्तही दिलं नव्हतं.

“बसा,” ते म्हणाले.

कुणीच बसलं नाही.

आपला आवाज फुटला नसेल, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, “बसा.” लोक तसेच उभे. साहेब इकडेतिकडे बघू लागले. मिनिटरावांची नजर दुसऱ्या रांगेच्या कडेला गेली आणि मग त्यांना उमगलं. सगळ्यांच्या आधी बसायला कुणी धजत नसे. दरवेळी आधी ती बसायची. खुर्ची करकरली की सारा हॉल हायसं वाटून खाली बसायचा. “कुणीतरी निर्लज्ज व्हायला हवं ना,” ती घरी येऊन सांगायची आणि मुलगी खो खो हसायची.

मुलगी भिंतीपासून निघाली. रांगेच्या कडेनं पुढे आली, पदरासारखी ओढणी आवरून त्या खुर्चीवर बसली. खुर्ची करकरली.

मग साहेब बसले. हेडक्लार्क बाई बसल्या. रांगांमागून रांगा बसल्या. मागे कुणीतरी कपबशा हलवल्या.

मिनिटराव मनगट तसंच छातीशी धरून उभे होते. मुलीनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा केली.

“बाबा, बसा ना.”

“हो,” ते म्हणाले. “आलोच. एक मिनिट.”