कालिंदीबाईंनी मिटवलेली भांडणं

उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत भांडायला कुणाची ना नव्हती. पण भांडण जरा रंगात येतंय न येतंय तोच ते कालिंदीबाईंच्या कानावर जायचं आणि सगळ्यावर पाणी पडायचं. दोन्ही बाजूंना बोलावणं यायचं. हॉलमध्ये एका बाजूला सोफा, समोर दिवाण, मध्ये टीपॉय, टीपॉयवर चहा, चिवडा आणि पेढ्यांचा बॉक्स. माणसं समोरासमोर बसली की कालिंदीबाई बोलायला सुरुवात करायच्या. मन मोठं करावं, उद्या अडीनडीला शेजारीच धावून येतो, वर जाताना कोण काय घेऊन जातं, असं बरंच काही. शेवटी दोघांनी एकमेकांना पेढा भरवायचा आणि मोठ्यानं 'मिटलं' म्हणायचं. तसं म्हटल्याशिवाय उठायची सोय नव्हती, कारण दाराशी, बरोब्बर चपलांच्या समोर, अनंतराव खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले असत.

अनंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. एकुलती एक लेक उमा पुण्यात नांदत होती. तिनंच एकदा फोनवर पिल्लू सोडून दिलं, "आई, नाहीतरी गल्लीची भांडणं मिटवतेसच, तर समाजकार्याची पदवी घेऊन टाक ना. एम.एस.डब्ल्यू. कर. तुझं बी.ए. झालेलंच आहे."

झालं, कालिंदीबाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बी.ए.नंतर त्यांना पुढं शिकायचंच होतं. पण सोयरीक जमली, मुहूर्त जवळचा निघाला आणि पुस्तकं माळ्यावर गेली. त्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण ते होतं. एकदा तरी पुन्हा वर्गात बसावं, असं त्यांना फार वाटायचं. दुसरीकडं, ह्या वयात पोराटोरांच्या मांडीला मांडी लावून बसायचं आणि शिकायचं काय, तर जे आपण वर्षानुवर्षं फुकट करतोय तेच?

"माशानं पोहायचा क्लास लावावा तसं आहे हे," अनंतराव म्हणाले.

बायकोचं कौतुक करावं आणि तिला घरातही ठेवावं, ही दोन्ही कामं एका वाक्यात उरकणारी माणसं असतात. अनंतराव त्यातलेच.

तरी त्या कॉलेजात चौकशी करून आल्या. तिथल्या मॅडम उमाहूनही लहान दिसत होत्या. त्या म्हणाल्या, "मुलाखत सोमवारी आहे. तुम्ही हाताळलेलं एखादं प्रकरण सांगायचं. काय घडलं, तुम्ही काय केलंत, आणि पुढं त्या माणसांचं काय झालं."

पहिल्या दोन गोष्टी कालिंदीबाई झोपेतही सांगू शकल्या असत्या. तिसरी मात्र त्यांनी कधी कुणाला विचारलीच नव्हती. मिटलं म्हणजे मिटलं, त्यात पुढं काय व्हायचंय? पण मुलाखतीला हवं म्हणून त्या दुसऱ्या दिवशी पदर खोचून निघाल्या.

आधी गेल्या आप्पासाहेबांकडे. आप्पासाहेब दौलताबादची शेती पोरावर टाकून शहरात राहायला आले होते. त्यांचं आणि शेजारच्या बद्रीनाथचं नळाच्या पाण्यावरून वाजलं होतं. आठवड्यातून कधीतरी नळाला पाणी यायचं आणि तेवढंही बद्रीनाथ मोटार लावून ओढून घ्यायचा. कालिंदीबाईंचं हे सगळ्यात गाजलेलं प्रकरण. दोघांनी पेढे भरवताना अख्ख्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या होत्या.

"मिटलंय की, ताई. लई झ्याक मिटवलंत तुमी," आप्पासाहेब म्हणाले.

"मग मोटारीचं काय झालं?"

"मी त्याच्यापेक्षा मोठी आणली."

"आणि बद्रीनाथ?"

"त्यानं माझ्यापेक्षा मोठी आणली."

"अहो, पण तुम्ही दोघं तर फाटकाशी उभं राहून हसतखेळत बोलत असता. मी रोज बघते."

"तुमी दिसल्या की बोलतो. तुमचा मान राखाया नको व्हय?" आप्पासाहेबांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. "मागं तुमी लेकीकडं गेल्त्या ना, तवा मातुर जिवाला लई आराम पडला."

ह्या माणसाला मुळात समजच कमी, असं मनाशी म्हणत कालिंदीबाई साळूबाईंच्या घरचा जिना चढल्या. साळूबाई आणि त्यांची सून आशा ह्यांचं भांडण त्यांनी एका बैठकीत मिटवलं होतं. साळूबाई एकट्याच लसूण सोलत बसल्या होत्या.

"आशा कुठं दिसत नाही?"

"हडकोत ऱ्हाती की आता. येगळी निघाली. लई दिस झाले."

"अहो, पण माझ्यासमोर तुम्ही दोघी मिटलं म्हणालात."

"व्हय, म्हनलो."

"पेढा भरवलात एकमेकींना."

"भरवला. म्या तोंडात धरला अन् भाईर आल्यावर गटारीत थुकला. तिनं गिळला, तिला गोड आवडतं."

"मग मिटलं कशाला म्हणालात, साळूबाई?"

साळूबाईंनी लसणाची पाकळी बाजूला ठेवली. त्यांना बहुधा कालिंदीबाईंची कीव आली असावी. "ताई, तुमी सोडीतच नव्हत्या. नळाला पानी यायची येळ झाल्ती. मिटलं म्हनलो नसतो तर घरात थेंब आला नसता. अन् आमाला बोलू कुठं दिलं तुमी? म्या 'हिनं' म्हनलं की तुमी म्हनायच्या, 'असू द्या'. तिनं 'ह्यांनी' म्हनलं की तुमी म्हनायच्या, 'जाऊ द्या'. मंग ऱ्हातंय काय?"

घरी येऊन कालिंदीबाई दिवाणावर बसल्या ते बसल्याच. चहासुद्धा टाकला नाही. त्यांना लाज वाटत होती आणि त्या लाजेचा त्यांना रागही येत होता. कॉलेजात जाऊन काय सांगणार, आमच्या गल्लीत सगळे मला भिऊन गोड बोलतात म्हणून? नकोच ती पदवी. माळ्यावरची पुस्तकं माळ्यावर बरी, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग एकदम त्यांना आठवलं.

"अहो, आपल्या घरचं आहेच की. आईंचं आणि माझं. ते तर मिटलं ना? तेच सांगते सोमवारी."

अनंतरावांनी पेपर खाली केला. "आई वैजापूरला निघून गेली, कालिंदी."

"तिथली हवा मानवते म्हणून गेल्या."

"हवा मानवते हे तूच सगळ्यांना सांगत असतेस. आईच्या तोंडून मी तरी कधी ऐकलं नाही."

"मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी पण मिटलं म्हणालो होतो ना," अनंतराव म्हणाले आणि पेपर पुन्हा वर घेतला.

रविवारी कालिंदीबाई एकट्याच वैजापूरच्या एसटीत बसल्या. धाकटे दीर व्यंकटराव मार्केट यार्डाच्या मागं राहत होते आणि सासूबाई लक्ष्मीबाई त्यांच्याकडंच असत. गल्लीत कांद्याचा वास भरून राहिला होता आणि त्याहून जास्त भरला होता लक्ष्मीबाईंचा आवाज. वरणात हिंग जास्त पडला होता म्हणे. धाकटी सून स्वयंपाकघरातून तेवढ्याच वरच्या पट्टीत सांगत होती की हिंग तेवढाच पडला, जास्त झालीय ती सासूबाईंची जीभ. कालिंदीबाई उंबऱ्यातच थांबल्या. 'अहो, जाऊ द्या' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते गिळताना त्यांना जेवढा त्रास झाला, तेवढा पोटच्या पोरीला सासरी पाठवतानाही झाला नव्हता.

गंमत म्हणजे, एवढं भांडून लक्ष्मीबाई तोच वरणभात दोनदा मागून जेवल्या, आणि धाकटीनं वर तुपाची धारही सोडली. जेवणं उरकल्यावर कालिंदीबाई सासूच्या कॉटवर जाऊन बसल्या.

"आई, तुम्ही इकडं का आलात?"

"हवा मानवते ना मला इथली," लक्ष्मीबाई म्हणाल्या. डोळे मात्र सुनेवर रोखलेले.

कालिंदीबाई काही बोलल्या नाहीत. गप्प बसायची सवय नसल्यामुळं त्यांनी हात घट्ट धरून ठेवले होते. शेवटी न राहवून लक्ष्मीबाईच बोलल्या.

"तुझ्याकडं मला काही कमी नव्हतं. पण मी तोंड उघडलं की तू मिटवायचीस. गुडघा दुखतो म्हटलं की, होईल बरा. ह्यांची आठवण येते म्हटलं की, असं मनाला लावून घ्यायचं नाही. मी रडायला बसले की तू माझं तोंड गोड करायचीस. ही धाकटी बघ, एकाला चार ऐकवते. पण मी काय बोलले हे हिला कळतं तरी. कळल्याशिवाय का चिडते?"

कालिंदीबाईंचे डोळे भरून आले. सासूबाई हवेसाठी नव्हे, आपल्यापायी घर सोडून गेल्या, आणि आपण मात्र वर्षानुवर्षं वैजापूरच्या हवेची तारीफ करत राहिलो. माफी मागावी, समजूत काढावी, आजच परत घेऊन जावं, असं सगळं एकदम त्यांच्या मनात दाटून आलं. पण तसं काही म्हणणं म्हणजे पुन्हा तेच, हे त्यांना तिथं कॉटवर बसल्याबसल्या कळलं. उद्या मुलाखतीला जायचं हेही तेव्हाच ठरलं. सांगण्यासारखं एकही प्रकरण नाही, हेच तिथं सांगायचं.

"तू आज अचानक कशी काय आलीस?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"मी कॉलेजात जायचं म्हणतेय, आई. दोन वर्षं शिकायला."

"ह्या वयात? काय शिकवतात तिथं?"

"दुसऱ्याचं बोलणं ऐकून घ्यायला."

लक्ष्मीबाईंनी सुनेला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि खऱ्याखुऱ्या काळजीनं विचारलं, "दोन वर्षांत होईल का गं तुझं?"