टाचेवरचा तीळ

अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या घरात नव्या पांढऱ्या फरश्या बसवल्या. त्या बघायला बाबा वरूडहून आले आणि पाय धुऊन आत येताना दारापासून सोफ्यापर्यंत निळसर टाचा उमटवत आले. एकाच पायाच्या. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. शाळेत पोरांवर ओरडते तशी मी बापावर ओरडले. मग तो निळा रंग ओळखू आला आणि माझा आवाज आपोआप खाली आला.

ती बोर्डो पेस्ट होती. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून करतात, संत्र्याच्या बुंध्यांना लावायला.

"बाबा, हे पायाले काहून?" मी विचारलं.

"डिंक्या झाला," ते म्हणाले आणि हसले.

डिंक्या हा झाडाचा रोग. बुंध्याची साल सडते, आतून डिंक गळतो. मग धारदार चाकूनं सडकी साल निरोगी लाकूड लागेपर्यंत खरवडायची, वर पेस्ट लावायची आणि निघालेली साल बगीच्याबाहेर नेऊन जाळायची. या कामात आमच्या बाबांचा, म्हणजे जानरावांचा, हात धरणारा अख्ख्या शिवारात कोणी नाही. लोक आपली झाडं दाखवायला त्यांना घेऊन जातात. त्यांचा चाकू वेगळा असतो, त्यानं घरात कांदासुद्धा चिरू देत नाहीत.

मी त्यांना खुर्चीवर बसवून पाय उचलून पाहिला. टाचेवर काळा डाग होता, एका बाजूला नीट, दुसऱ्या बाजूला शाई सांडल्यासारखा पसरलेला. कुठं काळा, कुठं तपकिरी. मधोमध कच्चं मांस, त्यातून पाणी येत होतं.

डाग नवा नव्हता. तीनेक वर्षांपूर्वी उमटला तेव्हा त्यांना वाटलं, संत्र्याचा काटा आत मोडला असेल. आई म्हणाली, तळपायाला तीळ म्हणजे पायाला भिंगरी. तिच्या हिशेबात हे उलटंच झालं होतं, माणूस आधी आयुष्यभर अमरावतीच्या मंडीत भटकला आणि तीळ मग आला. सगळे हसले, मीही हसले. पुढं तो वाढला, कडा फाकल्या, चपलेला रक्त लागू लागलं. आई म्हणायची, दाखवून या, काट्याचा नायटा होईल. बाबा म्हणायचे, हात दाखवून अवलक्षण कशाले? पाणी सुटलं तेव्हा त्यांनी आपल्या मनानं रोग ओळखला आणि चाकू काढला. वर्षभर ते दर महिन्याला टाच खरवडत होते.

संध्याकाळच्या गाडीनं त्यांना जायचं होतं. मी त्यांच्या चपला कपाटात घालून कुलूप लावलं.

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी आधी पेस्ट धुऊन काढली, मग भिंगाचं यंत्र टाचेला लावून बराच वेळ पाहिलं. त्यांचे प्रश्न साधेच होते. कधीपासून आहे, वाढला का, रंग बदलला का, रक्त येतं का, घरात कोणाला असं काही झालं होतं का. बाबा कोर्टात साक्ष दिल्यासारखे ताठ बसून उत्तरं देत होते. मग डॉक्टरबाईंनी दोन्ही जांघांत गाठ लागते का ते हातानं चाचपून पाहिलं आणि विचारलं, खरवडून जे निघायचं त्याचं काय केलं?

"जाळलं," बाबा म्हणाले. "रोग बगिच्यात फेकत नसतात."

ते अभिमानानं म्हणाले. डॉक्टरबाईंनी यंत्र बाजूला ठेवलं. मग त्यांनी सांगितलं ते मला आजही पाठ आहे. शरीरावरचे बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात, जन्मभर तसेच राहतात. पण एखादा वाढू लागला, कडेनं वाकडातिकडा झाला, रंग बदलला, वाहू लागला, तर तो लगेच दाखवायचा. त्याला काही लावायचं नाही, जाळायचं नाही, घोड्याचा केस बांधायचा नाही आणि खरवडायचं तर मुळीच नाही. कारण काढलेला प्रत्येक तुकडा तपासायला पाठवावा लागतो. रोग किती खोल गेलाय हे त्या तुकड्यावरून कळतं, आणि पुढचं सगळं त्या खोलीवर ठरतं.

त्यांनी जागा बधिर करून टाचेचा छोटा तुकडा घेतला आणि बाटलीत घालून माझ्या हातात दिला. लॅब दोन गल्ल्या पलीकडे होती. बाबा लंगडत माझ्यासोबत आले. वाटेत म्हणाले, हे घेऊन कुठं फिरतं, जाळून टाक. मी बाटली दुसऱ्या हातात घेतली.

रिपोर्टात तिळाचा कॅन्सर निघाला. पुढं लिहिलं होतं की वरचा भाग शिल्लक नसल्यामुळे खोली नक्की सांगता येत नाही.

नागपूरला जाऊन टाचेचा मोठा भाग काढायचा, मांडीची कातडी तिथं लावायची, जांघेतली गाठ तपासायची असं ठरलं. बाबा अडून बसले. कॅन्सरला शस्त्र लागलं की तो पसरतो, हे त्यांनी गावात ऐकलं होतं. डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं, नीट कापल्यानं तो पसरत नाही, ठेवल्यानं पसरतो. मला तेवढी शांतता जमली नाही.

"दर महिन्याले चाकू लावून राह्यले होते, तवा काहून नाही आठवलं?" मी म्हणाले.

बाबांनी आपल्या टाचेकडे पाहिलं. मग विचारलं, "जे पाह्यचं होतं, तेच म्या जाळलं काय?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायला हवं होतं की काय, मला माहीत नाही. ते नागपूरला आले.

एका गाठीत रोग निघाला. आता औषधं चालू आहेत. किती वर्षं, हे कोणी सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. बाबा काठी घेऊन बगीच्यापर्यंत जातात, बाजेवर बसतात. डिंक्या लागलेल्या झाडाला आता गडी हात लावतात, आणि ते बसल्या जागेवरून चुका काढतात.

मागच्या सुट्टीत मी तिथं असताना शेजारच्या मळ्यातला देवमन आला. त्याच्या तळपायावर काळा ठिपका उठला होता. डॉक्टरकडे कशाला जायचं म्हणून तो थेट बाबांकडे आला होता. भाऊ, तुमचा हात चांगला आहे, तेवढं खरवडून द्या, म्हणाला.

बाबांनी मोजा काढला आणि पाय त्याच्यापुढं धरला. टाचेच्या जागी मांडीची कातडी होती, मऊ, वेगळ्याच रंगाची, खड्ड्यात बसलेली. देवमननं मान फिरवली.

"पाह्य," बाबा म्हणाले. "याच हातानं केलं."

"पण माहा एवढासा तर आहे, भाऊ."

"माहाबी एवढासाच होता."

मग त्यांनी मला सांगितलं, उद्या याला अकोल्याला घेऊन जा. देवमनला बजावलं, काही लावायचं नाही, काही कापायचं नाही, जसा आहे तसा दाखवायचा.

मी घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी यंत्र लावून पाहिलं. ठोकर लागून कातडीखाली साकळलेलं रक्त होतं, आपोआप जाणार होतं. फुकट एक दिवस मोडला म्हणून देवमन परतीच्या वाटेभर कुरकुरत होता.

वाटेतूनच मी वरूडला फोन करून बाबांना सांगितलं, काही नाही निघालं. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग आईनं फोन घेतला.

"थांब जराशी," ती म्हणाली. "रडून राह्यले ते."