जेवण आलं की माझी पाठवणी

थांबा मित्रांनो, दचकून मला हातातून टाकू नका. मी एक जुना बझर आहे. तळहाताएवढा, काळा, कडेनं लाल दिवे असलेला. मेलबर्नच्या क्लेटनमध्ये मलेशियन खाण्याचं एक फूड कोर्ट आहे, लहान लहान गाळ्यांचं. तिथे लिम आंटींच्या गाळ्यावर मी कामाला आहे. म्हणजे, होतो.

माझं काम अगदी सोपं. तुम्ही ऑर्डर दिली की आंटी मला तुमच्या हातात देतात. तुम्ही मला टेबलावर ठेवून गप्पा मारत बसता. जेवण तयार झालं की आंटी बटण दाबतात. मी थरथरतो, दिवे लावतो, तुम्ही मला परत देता आणि ट्रे घेऊन जाता. मी नवा होतो तेव्हा मुलं मला गालाला लावून हसायची, "सो कूल" म्हणायची. पुढे माझ्या पाठीवरचा नंबर घामट हातांनी पुसून गेला. पण काम काही चुकलं नाही.

एक गोष्ट मात्र मला जन्मभर छळत आली. मी स्वभावाने महाचौकस, आणि जेवण आलं की माझी पाठवणी! नारळाच्या दुधातला तो शेवयांचा झणझणीत लक्सा लोक खातात कसा, फुर्र करून की गुपचूप? पराठ्यासारखी पदर सुटलेली रोटी चनाई हाताने तोडतात की काट्याने? वास यायचा, पण बघायला मिळायचं नाही. गप्पाही नेमक्या रंगात आल्या की तुटायच्या. एकदा एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "मग तो काय म्हणाला माहितेय?" आणि मी वाजलो. तो काय म्हणाला, ते मला अजून कळलेलं नाही.

अशात एका उन्हाळ्यात पुण्याहून रविंद्रकाका आले, लेकीकडे. यामिनी इथल्याच युनिव्हर्सिटीत संशोधन करते. दर शनिवारी बापलेक आमच्याकडे जेवायला. यामिनी पाणी आणायला उठली की काका मला हातात घेऊन पुटपुटायचे, "यामू, मी आणि चित्रा लग्न करायचं म्हणतोय." मग पुन्हा तेच, जरा वेगळ्या सुरात. चित्राबाई त्यांच्याच सोसायटीत राहणाऱ्या. यामिनीची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोनवर नाही, लेकीला समोर बसून सांगेन, असा शब्द काकांनी चित्राबाईंना दिला होता. काकांच्या पुटपुटण्यातून हे सगळं मला ठाऊक, यामिनीला नाही.

यामिनी परत आली की काका घसा खाकरायचे. "यामू, तुला एक सांगायचं होतं..." आणि मी घर्रर्र! "जाऊ दे, आधी जेवू या," म्हणत काका मला उचलायचे. त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि मला स्वतःचाच राग यायचा.

शेवटचा शनिवार आला. सोमवारी काकांचं विमान होतं. बॅगेचं वजन बोलून झालं, खिडकीची सीट बोलून झाली. काका सारखे माझ्याकडे बघत होते. नेहमीची वेळ टळून गेली तरी मी वाजलो नाही. मित्रांनो, उगाच मोठेपणा घेत नाही. माझी बॅटरी म्हातारी झाली होती, एवढंच. शेवटी काकांनी मला उचलून पालथं घातलं.

"यामू, मी आणि चित्रा लग्न करायचं म्हणतोय."

पालथं पडल्यामुळे मला काही दिसेना.

"कधीपासून चाललंय हे?" यामिनीने विचारलं.

"मागच्या दिवाळीपासून."

"आणि मला आज सांगतोयस, बाबा?"

"घाबरलो होतो. तू नाही म्हणालीस तर..."

"तर नाही करणार?"



तेवढ्यात लिम आंटी स्वतःच ट्रे घेऊन आल्या. "अंकल, कितीदा बटण दाबलं मी! लक्सा गार होईल ला." वाक्याला "ला" जोडायची त्यांची सवय. त्यांनी मला उचललं, हलवलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि सांबलच्या, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीच्या वाटीशेजारी सुलटं ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी जेवणाच्या वेळी टेबलावर होतो!

पण जेवतंय कोण? वाफ विरत चालली. मग यामिनीने रोटी चनाईचा तुकडा तोडला, हाताने, रश्शात बुडवला आणि बाबांच्या ताटलीत ठेवला. तिचे डोळे भरले होते.

"खा. गार होतंय." आणि जरा वेळाने, "चित्रामावशींना तिखट चालतं का रे?"

"तुझ्यापेक्षा जास्त," काका म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मग त्यांनी लक्सा ओढला. फुर्र करूनच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

आता मी गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये असतो, रबरबँड आणि वाळलेल्या पेनांच्या संगतीत. मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू मुकी झाली तर लगेच कचऱ्यात टाकू नका, एकदा उघडून बघा. कदाचित बॅटरीच हवी असेल. आणि समोरचं माणूस घसा खाकरत असेल, तर आम्हा वाजणाऱ्यांना जरा पालथं घाला.

परवा ड्रॉवरच्या फटीतून ओळखीचा आवाज आला. यामिनी ऑर्डर देत होती.

"तीन लक्सा, आंटी. एकात सांबल जास्त."