दार उघडं ठेवणारा

कुलूपवाल्याच्या वाट्याला त्या रविवारी नेमका तो उतारा आला. गावात दर आठवड्याला होणाऱ्या वाचनात एकाने धर्मग्रंथातला उतारा वाचायचा आणि पुढच्या वेळी त्याचा अर्थ सांगायचा, असा तिथला शिरस्ता होता. उतारा चार ओळींचा होता.

‘त्याने डोंगराला म्हटलं, उभा राहा, डोंगर अजून उभा आहे. त्याने वाऱ्याला म्हटलं, वाहा. वारा अजून वाहतो आहे. त्याने माणसाला म्हटलं, जाऊ नको. आणि माणूस गेला. दार त्याचंच होतं, पण त्याने ते लावलं नाही.’

कुलूपवाल्याला शेवटची ओळ काही केल्या पचेना. डोंगर ज्याचं ऐकतो त्याला एक दार लावता येऊ नये? तीस वर्षं कुलपं करण्यात गेलेल्या माणसाला हा हलगर्जीपणाच वाटला. त्याने किल्ली करून घ्यायला आलेल्या मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, “देवाची लीला.” हे उत्तर किल्ली विसरलेली गिऱ्हाइकंही देतात, असं त्याला वाटलं.

बायकोला विचारलं तर ती भाजी चिरताना म्हणाली, “देवाला लेक असती तर लावलं असतं.”

टोमणा वर्मी लागला. लेकीला दूरच्या शहरात काचेच्या कारखान्यात शिकायला बोलावलं होतं. कुलूपवाला नको म्हणाला, ती जाणार म्हणाली. मग याने तिची सगळी प्रमाणपत्रं लोखंडी पेटीत घातली आणि वर स्वतःच्या हातचं सगळ्यात पक्कं कुलूप घातलं. मूळ कागदांशिवाय तिकडे कोणी उभं करणार नव्हतं आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. गंमत म्हणजे लेकीने त्यावर एक शब्द काढला नाही. दहा दिवस मुकाट्याने दुकानात किल्ल्यांवर कानस चालवत होती. ‘आली ताळ्यावर,’ असं तो मनाशी म्हणाला आणि तेवढ्यापुरता सुखावला.

शनिवारी त्याने नेहमीप्रमाणे घरातल्या कुलपांना तेल द्यायला घेतलं. पेटीचं कुलूप हातात आलं तसं सवयीने डोळ्याला भिंग लावलं. किल्लीच्या भोकात आत तारेचे बारीक ओरखडे होते, ताजे आणि डावीकडे कललेले. घरात डावखुरं माणूस एकच होतं, आणि तार कशी फिरवायची हे त्यानेच लेकीला शिकवलं होतं.

त्याने घाईघाईने पेटी उघडली. प्रमाणपत्रं जागच्या जागी होती. एकही कमी नव्हतं.

तो पेटीपुढे बराच वेळ बसून राहिला. आधी राग आला, मग लेकीने आपलं कुलूप उघडल्याचा चोरटा अभिमान वाटला, आणि मग नुसतं कुतूहल उरलं. त्याने लेकीला हाक मारली.

“उघडलं होतंस ना?”

“हो बाबा. पहिल्याच दिवशी.”

“मग कागद नेले का नाहीस?”

लेकीने कानस खाली ठेवली. “जायचं तर मला आहेच. पण चोरून नेले असते तर परत या दारात कुठल्या तोंडाने आले असते? मला ते तुमच्या हातून हवेत. उद्याच्या गाडीपर्यंत वाट बघणार होते.”

“आणि मी दिलेच नसते तर?”

“तर नसते मिळाले,” ती म्हणाली. तिने कानस पुन्हा उचलली.

रविवारी संध्याकाळी वाचनाला सगळे जमले. कुलूपवाला उभा राहिला, पण त्याच्याकडे लिहून आणलेलं काही नव्हतं.

“मला वाटत होतं, त्याला दार लावता आलं नाही,” तो म्हणाला. “लावता येत होतं. लावलेलं दार कुणालाही अडवतं. पण परत यायला उघडंच लागतं.”

मग मास्तरांनी विचारलं, “म्हणजे तो माणूस परत आला?”

“पुढचं पान मी अजून वाचलं नाही,” कुलूपवाला म्हणाला. “सकाळीच लेकीला गाडीत बसवून आलोय.”